‘बट’ म्हणजे ‘पण’च का?

अनुवादाच्या पेपरसाठी आपल्याकडे एक तक्ता पाठ केला जातो. डावीकडे इंग्रजी जोडशब्द, उजवीकडे मराठी. बट म्हणजे पण, परंतु. हाउएव्हर म्हणजे तथापि. ऑलदो म्हणजे जरी. व्हाइल म्हणजे जेव्हा किंवा असताना. झेरॉक्सची झेरॉक्स होत हा कागद दरवर्षी पुढच्या वर्गाकडे जातो, आणि खोटं कशाला बोला, त्यावर मार्कही मिळतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हा कागद आता बंद करावा. ‘टेबल’ला टेबल म्हणून मोकळं होता येतं, तसं ‘बट’च्या बाबतीत होता येत नाही. ‘बट’ कुठल्या वस्तूचं नाव नाही. दोन वाक्यांमध्ये काय भांडण आहे, किंवा नाहीच आहे, ते हा शब्द सांगतो. भांडण कसलं हे कळल्याशिवाय अनुवाद कसला करणार?

हे मला मराठीकडे बघून सुचलं नाही. रोज वापरतो त्या भाषेकडे आपण बघतच नाही. सुचलं ते रोमानियन भाषेमुळे. माझा आतेभाऊ दोन वर्षं रोमानियात बांधकामावर आहे. त्याचा मुकादम रोमानियन, याचं इंग्रजी बेतास बात, आणि मधे फोनमधला अनुवादक. तो मला वाक्यं पाठवायचा, ‘हे बरोबर आहे का गं?’ म्हणून. मला काय कर्म कळणार! पण प्रकल्पासाठी एक अनोळखी भाषा निवडायची होतीच, मग हीच घेतली. लॅटिनपासून आलेली भाषा, शेजार स्लाव लोकांचा, त्यामुळे शब्दांचा मेळ मजेशीर. शिवाय इंग्रजीतून रोमानियनमध्ये अनुवाद हे तिथे रोजचं काम आहे. त्या देशात परदेशी सिनेमे आणि मालिका सहसा डब करत नाहीत, खाली रोमानियन ओळी देतात. म्हणजे इंग्रजी ‘बट’चं काय करायचं हा प्रश्न तिथे कुणीतरी रोज रात्री सोडवत बसलेलं असतं.

तिथल्या शाळेत पोरांकडून चार शब्द एका दमात पाठ करून घेतात : दार, यार, इन्स, चि. या चारांच्या आधी स्वल्पविराम द्यायचा, हा नियम. (उच्चार मी देवनागरीत जमेल तसे लिहिते आहे. ‘इन्स’मधला शेवटचा ‘स’ पूर्ण म्हणायचा, आपल्या ‘अ’सारखा. तो ‘अ’ रोमानियनमध्येही आहे, हे कळल्यावर मला उगाच आनंद झाला होता.) इंग्रजीत बहुतेक वेळा या चारांच्या जागी एकटा ‘बट’ किंवा ‘अँड’ उभा असतो. अनुवादकाला मात्र चारांतला एक निवडावाच लागतो, टाळता येत नाही.

‘दार’ हा आपला नेहमीचा ‘पण’. ‘कासा ये मिक, दार कुरात’, म्हणजे घर लहान आहे, पण स्वच्छ आहे. आता हे बघा : ‘कासा नु ये मिक, चि मारे’. घर लहान नाही, तर मोठं आहे. इथे इंग्रजी पुन्हा ‘बट’च म्हणेल, पण रोमानियन माणूस इथे ‘दार’ म्हणणार नाही. कारण दुसऱ्या वाक्यात दोन गोष्टी शेजारी ठेवलेल्या नाहीत. एक पुसून तिच्या जागी दुसरी लिहिली आहे. ‘चि’ हा खोडरबर आहे. मराठीत हेच काम ‘नाही, तर’ करतो, लिहिताना ‘नव्हे तर’ किंवा ‘नसून’. ‘तो डॉक्टर नाही, पण कंपाउंडर आहे’ असं आपल्यापैकी कुणी म्हणेल का? म्हटलंच तर त्यात ‘निदान कंपाउंडर तरी आहे’ असा दिलासा ऐकू येतो. ‘तो डॉक्टर नाही, तर कंपाउंडर आहे’ म्हटलं की दिलासा गेला, उरली ती दुरुस्ती. तक्त्यातल्या ‘बट म्हणजे पण’ला हा फरक ठाऊकच नाही.

यावर कुणी म्हणेल, सोपं आहे की, आधी नकार आला की ‘चि’ लावायचा. तेही नाही. ‘कासा नु ये मारे, दार ये कुरात’, घर मोठं नाही, पण स्वच्छ आहे. इथे नकार आहे तरी ‘दार’च लागतं, कारण स्वच्छपणा मोठेपणाच्या जागेवर बसायला आलेला नाही, तो वेगळाच मुद्दा आहे. म्हणजे नियम नुसता व्याकरणाचा नाही. वाक्य म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखावं लागतं. आपल्या प्रभूच्या प्रार्थनेत मोहाच्या मागणीनंतर येणारा इंग्रजीतला ‘बट’ आठवा. रोमानियन लोक तिथे ‘चि’ म्हणतात, आणि आमच्या घरी म्हणतात त्या मराठी प्रार्थनेत ‘तर’ आहे. लहानपणापासून हजारदा म्हटलेल्या त्या जागी ‘पण’ नाही, हे मला रोमानियन शिकताना पहिल्यांदा दिसलं. तिथे ‘पण’ घालून म्हणून बघा, जीभ अडखळते.

माझा सगळ्यात लाडका शब्द ‘यार’. नावामुळेही असेल. ‘येउ चितेस्क, यार मामा गतेश्ते’ : मी वाचतेय, तर आई स्वयंपाक करतेय. (हो, तिकडे ‘मामा’ म्हणजे आई. आणि हाच ‘यार’ दुसरीकडे ‘पुन्हा’ या अर्थानेही येतो, पाऊस पुन्हा सुरू झाला की वैतागून म्हणायला.) या वाक्यात भांडण नाही. आई स्वयंपाक करते हे मी वाचण्याच्या आड येत नाही. फक्त दोन माणसं दोन वेगळी कामं करतायत आणि बोलणाऱ्याने नजर एकीवरून दुसरीवर नेली आहे. इंग्रजीत ‘अँड’ लावा, ‘बट’ लावा, ‘व्हाइल’ लावा, प्रत्येकाने वाक्य जरासं वाकतं. मराठीत ‘तर’ आहे, चपखल. एवढंच, की आपला ‘तर’ वरचं ‘चि’चं कामही करतो आणि हे ‘यार’चंही, शिवाय ‘जर’ची सोबत करायची ती वेगळीच. रोमानियनने इथे दोन शब्द ठेवले, आपण एकावर भागवलं. म्हणजे प्रत्येक वेळी मराठीच श्रीमंत आणि इंग्रजी गरीब असा हिशेब मांडायचा माझा विचार नाही.

‘इन्स’ची गंमत जागेची आहे. तो वाक्याच्या सुरुवातीला येतो तसा एक पाऊल आत सरकूनही बसतो. ‘मारिया इन्स न-आ वेनित.’ याचा अनुवाद ‘परंतु मारिया आली नाही’ असा केलात तर पास व्हाल. खरा अनुवाद आहे ‘मारिया मात्र आली नाही’. शब्दाची जागासुद्धा तीच, नावाच्या मागोमाग. इंग्रजीत हे करायला ‘हाउएव्हर’ला दोन स्वल्पविरामांच्या मधे कोंडावं लागतं, आणि मग वाक्य एकदम सरकारी पत्रासारखं वाटायला लागतं. एक फरक आहे खरा. ‘दार इन्स’ असं जोडीने म्हटलं की रोमानियन शिक्षक चिडतात, एकाच अर्थाचे दोन शब्द कशाला म्हणून. आपण ‘पण मारिया मात्र आली नाही’ बिनधास्त म्हणतो आणि कुणाला खटकत नाही. आपल्या ‘मात्र’ने ‘फक्त’चा जुना अर्थ अजून पूर्ण सोडलेला नाही, म्हणून ते चालत असावं असं मला वाटतं.

आता थोडं गंभीर. ‘पण’, ‘परंतु’, ‘परी’, ‘बाकी’ या शब्दांना शाळेच्या मराठी व्याकरणात काय म्हणतात आठवतं का? न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय. पहिल्या वाक्यात काहीतरी न्यून, म्हणजे कमी आहे, हे दाखवणारा शब्द. दहावीला हे नाव मी पाठ केलं ते ओठांनी. नंतर एका कार्यक्रमात मला एक कौतुक ऐकायला मिळालं : ‘तू ख्रिश्चन आहेस, पण मराठी किती छान बोलतेस!’ असं कौतुक या मासिकातल्या निम्म्या लेखकांनी ऐकलं असेल. बोलणारे मनाने चांगले असतात. शब्दही सगळे गोड आहेत. टोचतं ते एकाच ठिकाणी, ‘पण’पाशी. न्यून नक्की कशात आहे, ते त्या दोन अक्षरांनी सांगून टाकलं.

जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग यांनी १८७९ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की ‘आणि’ आणि ‘पण’ यांनी जोडलेल्या वाक्यांचं खरं-खोटं एकच असतं. फरक असतो तो सूचनेचा, पुढचं ऐकून अपेक्षाभंग होईल या इशाऱ्याचा. तर्काच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. मी ख्रिश्चन आहे हे खरं, मराठी बोलते हेही खरं. ‘आणि’ने जोडा, ‘पण’ने जोडा, सत्य तेवढंच राहतं. पण माणसं तर्कशास्त्रात राहत नाहीत, गल्लीत राहतात. तिथे तो इशाराच तेवढा ऐकू येतो. हेच कौतुक रोमानियनमध्ये न्यायचं झालं तर अनुवादकापुढे पेच पडेल. ‘दार’ लिहिलं तर टोचणी जशीच्या तशी पोहोचेल. ‘शि’, म्हणजे साधं ‘आणि’, लिहिलं तर टोचणी जाईल आणि बोलणाऱ्याचं अज्ञानही झाकलं जाईल. ‘यार’ बसणार नाही, कारण त्याला सहसा दोन वेगळी माणसं किंवा दोन वेगळ्या गोष्टी लागतात, आणि इथे एकच मुलगी आहे. मी असते तर ‘दार’च लिहिलं असतं. बोलणाऱ्याला सुधारून घेणं हे अनुवादकाचं काम नाही.

बाकीच्या मंडळींचं थोडक्यात सांगते. ‘ऑलदो’ला रोमानियनमध्ये ‘देशि’ आहे, आणि तो आपल्या ‘जरी-तरी’सारखा जोडीदार घेऊन येऊ शकतो : ‘देशि... तोतुश...’. इंग्रजीच्या वहीत ‘ऑलदो’ लिहून पुढे ‘बट’ लिहिला की आपल्याला लाल रेघ मिळते. ती चूक आळसाची नाही, आपल्या भाषेच्या सवयीची आहे, हे लाल पेनवाल्यांनी लक्षात घ्यावं. ‘ऑन दि अदर हँड’मधला हात रोमानियनमध्ये नाही. तिथे ‘पे दे ओ पार्ते... पे दे आल्त पार्ते’, म्हणजे शब्दशः एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला. आपलं ‘एकीकडे, दुसरीकडे’ तेच आहे. ‘इन्स्टेड’च्या आसपास एक ‘इन स्किम्ब’ आहे, शब्दशः ‘बदल्यात’. बुखारेस्टच्या रस्त्यांवर पैसे बदलून देणाऱ्या दुकानांवर जो शब्द असतो, तोच हा ‘स्किम्ब’. आपलं ‘ऐवजी’सुद्धा अरबीतून आलेलं, मोबदल्याच्या व्यवहारातलंच. आणि ‘अनलाइक’? रोमानियन म्हणतं ‘स्प्रे देओसेबिरे दे’, म्हणजे ‘च्याहून वेगळेपण’. आपण हल्ली वर्तमानपत्रांत ‘शहराच्या विपरीत खेड्यात’ असं वाचतो. ते हिंदीच्या वाटेने आलंय. विपरीत म्हणजे भलतंच, अशुभ. खेड्यात विपरीत काय घडलं म्हणून वाचायला जावं, तर तिथे पाणी स्वच्छ आहे एवढीच बातमी. ‘शहरात असं, तर खेड्यात तसं’ म्हटलं की काम होतं. पुन्हा ‘तर’.

माझ्या या म्हणण्यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो माझ्या मैत्रिणीनेच घेतला. इंग्रजी माणसाचं कुठे अडतं? एका ‘बट’मध्ये त्याला चारही अर्थ बरोबर कळतात. संदर्भ असतो ना! अगदी मान्य. इंग्रजी वाचणाऱ्याचं अडत नाही, कारण त्याला निवडायचंच नसतं. अडतं ते अनुवादकाचं. आणि हल्लीच्या दिवसांत मधे इंग्रजी असली की दोन्ही टोकांच्या भाषांचं अडतं. छोट्या भाषांमधला यंत्राचा अनुवाद बऱ्याचदा इंग्रजीतून वळसा घेऊन होतो. समजा, माझ्या आतेभावाने मराठीत सांगितलं, ‘सोमवारी मी येतो, तर मंगळवारी माझा जोडीदार.’ इंग्रजीच्या टोलनाक्यावर ‘तर’चा ‘अँड’ झाला, की पुढे त्याचा ‘शि’ होणार. मुकादमाला वाटू शकतं, सोमवारी हा येणार आणि मंगळवारी जोडीदारही येणार, म्हणजे मंगळवारी दोघं. रोमानियनमध्ये ‘यार’ तयार बसला होता, मराठीत ‘तर’ तयार बसला होता. मधल्या भाषेने त्यांची भेट होऊ दिली नाही. बांधकामावर अशा गैरसमजाची किंमत मार्कांत मोजत नाहीत. एका दिवसाची हजेरी कापली जाते.

म्हणून तक्त्याऐवजी मला वेगळा प्रश्न हवा आहे. पेपरात एक उतारा द्यावा, त्यातले सहा-सात ‘बट’ अधोरेखित करावेत आणि विचारावं : इथे दुरुस्ती आहे, अपेक्षाभंग आहे, की नुसती तुलना? मग अनुवाद. तपासायला त्रास होईल, हे मला समजतं. एका वाक्याची दोन बरोबर उत्तरं निघतील आणि वर्गात वाद होतील. वाङ्मय मंडळाला तरी ते आवडायला हवं.

दोन गोष्टी राहून जातील म्हणून सांगते. ‘आय हॅव बट टेन रुपीज’ या जुन्या थाटाच्या वाक्यातला ‘बट’ वेगळाच, तो ‘फक्त’ आहे. रोमानियनमध्ये त्याला ‘देकित’ लागतं, आणि क्रियापद नकारार्थी ठेवावं लागतं : ‘नाम देकित झेचे लेइ’, दहा लेइंशिवाय माझ्याकडे काही नाही. बुखारेस्टकडची पुष्कळ माणसं बोलताना तो नकार गाळतात आणि शुद्धवादी त्यांची टर उडवतात. वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं. दुसरी गोष्ट ‘बा’. कुणी विचारलं ‘येणार नाहीस?’ आणि तुम्हाला यायचंय, तर नुसतं ‘दा’, म्हणजे ‘हो’, म्हणून भागत नाही, ‘बा दा’ म्हणायचं. इंग्रजीत इथे ‘येस’ म्हणून पुढे अख्खं वाक्य जोडावं लागतं. मराठीत एक अक्षर पुरतं. ‘येणार नाहीस?’ ‘येणार की!’ हा ‘की’ कुठल्याही तक्त्यात विरोधदर्शक म्हणून दिलेला मी पाहिलेला नाही, आणि समोरच्याचा नकार इतक्या प्रेमाने खोडणारा दुसरा शब्द मला माहीत नाही.

आपल्या बेळगावात तर विरोधाचे शब्द पावलागणिक बदलतात. आमच्या कोकणी बोलणाऱ्या आजीच्या तोंडी ‘पूण’, बसमध्ये कन्नड ‘आदरे’, कॉलेजात ‘पण’ आणि निबंधात ‘परंतु’. गल्लीत मात्र ‘खरं’. ‘येतो म्हणाला खरं आला नाही.’ पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे ऐकून हसू येतं, त्यांना वाटतं वाक्य मधेच तुटलं. तुटलेलं नसतं. पहिली गोष्ट खरी आहे हे मान्य करून मगच पुढची सांगायची, असा त्याचा रिवाज आहे. समोरच्याचं म्हणणं खोडत नाही, त्याला न्यून ठरवत नाही. प्रकल्पाच्या शेवटी सरांनी विचारलं, आपल्याकडचं एखादं वाक्य थेट रोमानियनमध्ये नेता येईल का, मधे इंग्रजी न घेता? मी घेतलं ‘जेवलो खरं पोट भरलं नाही’. रोमानियनमध्ये एक छोटा तुकडा आहे, ‘चे-इ द्रेप्त’, शब्दशः ‘जे खरं आहे ते’, कबुली द्यायला वाक्याच्या मधे टाकतात. वाक्य झालं : ‘आम मिन्कात, चे-इ द्रेप्त, दार नु माम सतुरात.’ ‘दार’ घालावाच लागला, एकट्या ‘खरं’वर त्यांचं भागत नाही.